महापालिकेचा ‘आकृतिबंध’ म्हणजे काय?

छत्रपती संभाजीनगर महापालिकेत किती पदं, कोणत्या नावाची आणि कोणत्या वेतनश्रेणीची, हे ठरवणारा तक्ता म्हणजे आकृतिबंध. पदं गट अ ते ड अशी विभागलेली असतात.

तक्ता कोण बदलतं?
महापालिका १९८२ साली स्थापन झाली. शहर वाढलं की पदंही वाढवावी लागतात. पण १९४९च्या महापालिका अधिनियमाच्या कलम ५१ नुसार नव्या पदाला राज्य सरकारची पूर्वमंजुरी लागते.

पदनामानं काय फरक पडतो?
सफाई कामगार निवृत्त झाला, तर लाड-पागे समितीच्या शिफारशींनुसार त्याच्या वारसाला नोकरी मिळू शकते. लिपिक निवृत्त झाला, तर वारसाला असा हक्क नाही. आणि आकृतिबंधात पदच नसेल, तर काम रोजचं असूनही माणूस कंत्राटीच राहतो.