बदलत्या डिस्क, संगणकातील
बदलत्या डिस्क, संगणकातील : एकाच मेजावरील संगणकावर दोन वा अधिक परिचालन प्रणाली आळीपाळीने चालविण्याची एक पद्धत. यंत्रसामग्री व इतर कार्यक्रम यांमध्ये दुवा साधणाऱ्या कार्यक्रमसमूहास परिचालन प्रणाली म्हणतात. विंडोज व लिनक्स ही तिची परिचित उदाहरणे होत. या पद्धतीत प्रत्येक प्रणाली स्वतंत्र डिस्कवर स्थापतात आणि हवी ती डिस्क बसवून संगणक सुरू करतात.

इतिहास : काढघाल करता येणाऱ्या डिस्कची कल्पना मेजावरील संगणकाहून जुनी आहे. आयबीएम कंपनीने १९६२ मध्ये पुढे आणलेल्या १३११ या यंत्रातील डिस्कसंच बदलता येत असे. एका संचात सु. २० लाख वर्ण मावत. याच कंपनीच्या १९८१ मधील पीसी या संगणकासाठी पीसी-डॉस, सीपी/एम-८६ व यूसीएसडी पी-सिस्टिम या तीन प्रणाली जाहीर झाल्या होत्या. तो फ्लॉपीवरून सुरू होत असल्याने फ्लॉपी बदलली की प्रणालीही बदले. १९८३ च्या पीसी एक्सटी या संगणकात १० मेगाबाइटची हार्ड डिस्क आत पक्की बसविलेली होती. अशा डिस्कचे विभाग पाडून प्रत्येक विभागात वेगळी प्रणाली ठेवण्याची रीत पुढे रूढ झाली.

या रीतीत प्रारंभाची नोंद सर्व प्रणालींना समाईक असते. नवी प्रणाली स्थापताना ती पुसली गेल्यास जुनी प्रणाली सुरू होत नाही. विभाग निवडण्यात चूक झाल्यास साठविलेली माहितीही नष्ट होते. स्वतंत्र डिस्क वापरल्यास हा धोका टळतो, मात्र स्थापनेच्या वेळी दुसरी डिस्क काढून ठेवलेली असली पाहिजे.

रचना व मर्यादा : संगणकाच्या पुढील बाजूच्या खणात चौकट बसवून तीत डिस्कचा कप्पा सरकवितात. कप्पा बदलण्यापूर्वी संगणक पूर्णपणे बंद करणे आवश्यक असते. विंडोज सुप्तावस्थेत ठेवून समाईक डिस्कवर दुसऱ्या प्रणालीने लेखन केल्यास तेथील नोंदी बिघडू शकतात.

डिस्क वेगळ्या केल्या तरी प्रणालींची फारकत संपूर्ण होत नाही. आधुनिक संगणकात प्रारंभक्रमाची नोंद डिस्कवर नसून मुख्य फलकावरील स्मृतीत असते. डिस्क बदलल्यावर ती कधीकधी नव्याने निवडावी लागते. यंत्रातील घड्याळही एकच असते. विंडोज त्यातील वेळ स्थानिक मानते, तर लिनक्स सामान्यतः जागतिक प्रमाणवेळ मानते. त्यामुळे भारतात दोन्ही प्रणालींच्या वेळांत साडेपाच तासांचा फरक दिसू शकतो. एका प्रणालीत योग्य ती योजना केल्यास तो नाहीसा होतो.

दोन प्रणाली एकाच वेळी हव्या असल्यास आभासी संगणकाची पद्धत अधिक सोयीची ठरते. बदलत्या डिस्कच्या पद्धतीत दर वेळी संगणक बंद करावा लागतो. परंतु काढून ठेवलेल्या डिस्कला चालू प्रणालीतील चुकीची वा विषाणूची बाधा पोहोचत नाही, हा तिचा मुख्य गुण होय. तथापि डिस्क स्वतःच नादुरुस्त होऊ शकत असल्याने महत्त्वाच्या माहितीची प्रत अन्यत्र ठेवणे इष्ट असते.