शेवटच्या टप्प्यातली सोबत (लेखांक ४) : ‘डॉक्टर, किती दिवस?’

‘डॉक्टर, किती दिवस?’ हा प्रश्न सहसा रुग्ण विचारत नाही. रुग्ण आतल्या खोलीत असतो. डॉक्टरांना सोडायला थोरला मुलगा नाहीतर जावई दारापर्यंत येतो आणि ते चपला घालत असताना खालच्या आवाजात विचारतो. डॉक्टर ‘आपल्या हातात काय आहे?’ म्हणून वेळ मारून नेतात, किंवा फारच आग्रह झाला तर एखादा आकडा सांगतात. त्या आकड्यावर मग घरातली बरीच गणितं बसतात. पुण्याच्या मुलाने रजा कधी काढायची, परदेशातल्या मुलीने तिकीट कधीचं घ्यायचं, आणखी एक केमो करायची की नाही.

हा आकडा कितपत खरा ठरतो? शिकागोमध्ये निकोलस ख्रिस्ताकिस आणि एलिझाबेथ लॅमाँट यांनी त्याचा रीतसर हिशेब मांडला. हॉस्पिसमध्ये, म्हणजे शेवटच्या दिवसांची काळजी घेणाऱ्या सेवेत, दाखल होणाऱ्या ४६८ रुग्णांबद्दल ३४३ डॉक्टरांकडून त्यांनी अंदाज घेतले आणि पुढे प्रत्यक्षात काय झालं ते ताडून पाहिलं. २००० साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये निष्कर्ष आले. अंदाज बरोबर निघाले ते २० टक्के. ६३ टक्के वेळा डॉक्टरांनी होतं त्याहून जास्त आयुष्य सांगितलं होतं, आणि एकंदर चूक पाचपटीहून मोठी होती. त्यातही एक गोष्ट विशेष. डॉक्टर आणि रुग्णाची ओळख जितकी जुनी, तितका अंदाज जास्त चुकलेला. माणूस आपला झाला की त्याच्याबद्दल वाईट बोलायला जीभ रेटत नाही, हे अमेरिकेतल्या डॉक्टरांनाही चुकलेलं नाही.

या लेखमालेच्या दृष्टीने यातली अडचण अशी. मागे आपण बोस्टनमधला जेनिफर टेमेल यांचा २०१० चा अभ्यास पाहिला. फुप्फुसाच्या कर्करोगात पॅलिएटिव्ह केअर, म्हणजे आजार बरा करण्यापेक्षा त्रास कमी करण्यावर भर देणारी सेवा, लवकर सुरू झाली तर रुग्णाचे दिवस सुखाचे जातात, हे त्यातून दिसलं. ‘लवकर’ हे ठीक, पण लवकर म्हणजे केव्हा? मृत्यू जवळ आला असं डॉक्टरांना वाटेल तेव्हाच ही सेवा सुरू करायची म्हटली, तर ती उशिराच सुरू होणार. अंदाजच पाचपटीने चुकतोय.

मोठ्या कर्करोग रुग्णालयात निदान आजाराचं नाव तरी समोर असतं. गल्लीतल्या डॉक्टरांकडे तेही नसतं. ब्रिटनमध्ये साधारण २००० लोकांची नोंद असलेल्या एका फॅमिली डॉक्टरकडे वर्षाला सुमारे २० मृत्यू होतात. त्यातले कर्करोगाचे पाचेक. बाकीचे हृदय, फुप्फुस, मूत्रपिंड निकामी झाल्याने, नाहीतर वयोमानाने आणि स्मृतिभ्रंशाने. पण स्कॉटलंडमधल्या दवाखान्यांत पॅलिएटिव्ह केअरची गरज असलेल्यांच्या नोंदवह्या तपासल्या, तेव्हा कर्करोगाच्या बहुतेक रुग्णांची नावं मृत्यूपूर्वी त्यात आलेली दिसली. इतर आजारांनी गेलेल्यांपैकी मात्र साधारण पाचातल्या एकाचंच.

असं का होतं, याचा शोध एडिंबरा विद्यापीठातल्या स्कॉट मरे यांच्या गटाने घेतला. मरे स्वतः फॅमिली डॉक्टर. त्यांची पद्धत साधी होती आणि वेळखाऊ. शस्त्रक्रियेपलीकडे गेलेल्या फुप्फुसाच्या कर्करोगाचे २० रुग्ण आणि हृदय खूप कमकुवत झालेले २० रुग्ण घेतले. दर तीन महिन्यांनी, वर्षभरापर्यंत, त्याच माणसाशी पुन्हा पुन्हा बोलायचं; शिवाय त्याची काळजी घेणाऱ्या घरच्या माणसाशी आणि डॉक्टर-नर्सशीही. अशा २१९ मुलाखती झाल्या. २००२ साली छापून आलेला हा अभ्यास मी या क्षेत्रातला सगळ्यात वाचनीय मानतो, कारण त्यात टक्केवारीपेक्षा माणसं जास्त आहेत. कर्करोगाच्या रुग्णांना आपल्याला काय झालंय हे ठाऊक होतं. भीती होती, पण माहिती होती, मदतही होती. हृदयाच्या रुग्णांना गोळ्यांची लांबलचक यादी होती, घराबाहेर पडणं बंद झालं होतं, आणि पुढे काय होणार हे त्यांच्याशी क्वचितच कुणी बोललं होतं. आजार तितकाच जीवघेणा, पण नावात ‘कॅन्सर’ नाही म्हणून सोबत नाही.

पुढे २००५ मध्ये मरे आणि सहकाऱ्यांनी, जोॲन लिन आदी अमेरिकी संशोधकांच्या कामाचा आधार घेत, शेवटाकडे जाणाऱ्या तीन वाटा मांडल्या. पहिली कर्करोगाची. माणूस बराच काळ हिंडता-फिरता असतो आणि मग काही आठवड्यांत, महिन्यांत झपाट्याने खंगतो. लंडनमध्ये १९६७ साली सिसली साँडर्स यांनी सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस काढलं, तेव्हापासूनची बहुतेक व्यवस्था याच वाटेच्या मापाने शिवलेली आहे.

दुसरी वाट हृदयाची आणि फुप्फुसाची. हा सापशिडीचा खेळ आहे, फक्त यातल्या शिड्या सापांपेक्षा आखूड. पायावर सूज चढते, रात्री आडवं होता येत नाही, तीन उशा पाठीशी रचून बसल्या बसल्या डुलकी काढावी लागते. मग एका पहाटे धाप वाढते, रिक्षा, ॲडमिट, ऑक्सिजन, लघवी होण्याचं इंजेक्शन. चार-सहा दिवसांनी माणूस घरी येतो आणि शेजारी म्हणतात, ‘बघा, ठणठणीत झाले.’ पण मागच्या खेपेला ते जिन्यापर्यंत चालायचे, आता न्हाणीघरापर्यंतच. अशा फेऱ्या दोन वर्षं चालतात आणि त्यातली एक शेवटची ठरते. ती शेवटची आहे हे आधी कुणालाच कळत नाही. म्हणून सहा वेळा ॲडमिट झालेल्या माणसाच्या मृत्यूलाही घरचे ‘अचानक गेले’ म्हणतात.

तिसरी वाट अतिवार्धक्याची. ती वर्षानुवर्षं चालते आणि घरातल्या एखाद्या सुनेला किंवा लेकीला पुरती थकवते.

या तीन वाटांवरून जाणाऱ्यांना ओळखायचं कसं? एक प्रश्न खूप गाजला : ‘हा रुग्ण येत्या वर्षभरात गेला तर मला आश्चर्य वाटेल का?’ डॉक्टरांनी तो स्वतःलाच विचारायचा. सुटसुटीत असल्यामुळे तो जगभर पसरला. पण २०१७ साली कॅनडातल्या संशोधकांनी या प्रश्नावरचे अभ्यास एकत्र केले, तेव्हा त्याची अचूकता बेताचीच निघाली, कर्करोग नसलेल्या रुग्णांत तर आणखी कमी. ते व्हायचंच होतं. प्रश्नाची भाषा बदलली तरी विचारलं तेच होतं : किती दिवस?

एडिंबरातच तयार झालेल्या ‘स्पिक्ट’ या एकपानी तक्त्याने ही दिशा सोडली, आणि माझ्या मते खरी प्रगती तिथे आहे. त्यात भाकीत मागितलेलं नाही. रुग्णाला न ठरवता वारंवार दवाखान्यात न्यावं लागतं का? दिवसाचा बराच वेळ तो खाटेवर किंवा खुर्चीत असतो का? रोजच्या गोष्टींना दुसऱ्याचा हात लागतो का? वजन उतरतंय का? काळजी घेणारं माणूस थकलंय का? यातलं काही दिसलं की बसून बोलायचं आणि त्रास कमी करायला लागायचं. तो माणूस पुढे पाच वर्षं जगला तर उत्तमच. दुखणं थांबवायला मुहूर्त लागत नाही.

मरे यांच्या गटाने स्कॉटलंड आणि केनियातल्या मेरू जिल्ह्यातले कर्करोगाचे रुग्ण शेजारी शेजारी ठेवूनही पाहिले. स्कॉटलंडमध्ये वेदना बऱ्यापैकी आवाक्यात होत्या, छळत होतं ते मरणाचं भय. मेरूमध्ये आधाराला नातलग होते, गाव होता, देवावर भरवसा होता, पण वेदनेवर औषध नव्हतं आणि खर्चाने घर बुडत होतं. आपल्या खेड्यापाड्यांचं चित्र यातल्या कोणत्या बाजूला बसतं, हे सांगायला नको.

भारतात या कामाचं नाव निघालं की केरळचं निघतं. कोळिकोडमध्ये १९९३ साली डॉ. एम. आर. राजगोपाल आणि डॉ. सुरेश कुमार यांनी सहकाऱ्यांसह सुरू केलेल्या संस्थेतून पुढे गल्लीगल्लीतल्या स्वयंसेवकांचं जाळं उभं राहिलं. २००८ मध्ये राज्याने धोरण केलं, आणि स्थानिक स्वराज्य संस्थांच्या मदतीने नर्स घरोघर जाऊ लागल्या. महाराष्ट्राचं धोरण २०१२ चं. २०१८ पासून आयुष्मान भारतच्या आरोग्य केंद्रांना ज्या बारा सेवा नेमून दिल्या, त्यांतही पॅलिएटिव्ह केअर आहे. कागद आपल्याकडे कमी नाहीत.

ब्रिटनची पद्धत इथे जशीच्या तशी चालणार नाही, कारण आपल्याकडे डॉक्टरांकडे रुग्णांची यादीच नसते. फाइल रुग्णाच्या घरी, प्लॅस्टिकच्या पिशवीत, जुन्या एक्स-रेंसोबत खुंटीला. पण कोणत्या घरात कोण अंथरुणाला खिळलंय हे आशाताईंना माहीत असतं. तीस वर्षांवरच्या प्रत्येकाचा ‘सीबॅक’ हा आरोग्यविषयक प्रश्नांचा फॉर्म त्या भरतात. त्यात साठीपुढच्यांसाठी एक प्रश्न आहे : जेवण, कपडे, आंघोळ, चालणं, शौचाला जाणं यासाठी दुसऱ्याची मदत लागते का? एडिंबराच्या तक्त्यातला हा कळीचा प्रश्न आपल्या गावोगावच्या फॉर्मवर आधीच छापलेला आहे. ‘हो’वर खूण झाल्यावर कुणी घरी जातं का, गेलेल्या माणसाच्या पिशवीत जखमेची पट्टी, लघवीची नळी आणि दुखण्याचं औषध असतं का, आणि त्याने रुग्णाला किती आराम पडतो, हे मोजणारं संशोधन महाराष्ट्राला हवं आहे. वैद्यकीय महाविद्यालयांच्या जनऔषधवैद्यकशास्त्र (कम्युनिटी मेडिसिन) विभागांतल्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांना प्रबंधासाठी याहून जवळचा विषय मिळणार नाही.

तोवर वाचकांना एक विनंती. आशाताई फॉर्म घेऊन दाराशी आल्या आणि घरात असं कुणी असेल, तर ‘सगळं ठीक आहे’ म्हणून त्यांना बाहेरूनच परत पाठवू नका. आत न्या, भेट घालून द्या, रात्री झोप लागते का आणि कुठे दुखतं हे रुग्णालाच सांगू द्या. पुढच्या लेखात मॉर्फिन : अफूची कायदेशीर शेती होणाऱ्या देशात ते रुग्णापर्यंत का पोचत नव्हतं, आणि २०१४ च्या कायदादुरुस्तीने काय बदललं.