पाचव्या बदामाची किंमत

तुंगार्लीच्या चढावरचे, शनिवार-रविवारी भाड्याने जाणारे बंगले आपण सर्वांनी पाहिलेले आहेत. तेथे पत्ते कसे चालतात हे आम्ही ऐकूनच जाणतो. आमचा पत्त्यांशी परिचय झाला तो कामगारांच्या खोल्यांतून. एका वर्षी बोनसच्या रात्री आमच्या एका तरुण सोबत्याने सबंध बोनस पहाटेपर्यंत घालविला. विचारले तर म्हणाला, ''दादा, नशीबच फिरलं. एक पान आलं असतं तर!'' आम्ही त्याच्या मागेच बसलो होतो. पाने काही वाईट येत नव्हती. मग पैसा गेला कोठे? हा प्रश्न पुढे बरेच दिवस आमच्या डोक्यात राहिला.

ही मंडळी खेळत होती तो पोकर. आपल्याकडच्या तीन पानीत पाने एकदाच वाटली जातात. पुढे जे काही ते छातीचे काम. पोकरच्या रूढ प्रकारात प्रत्येकाच्या हाती दोन पाने आणि मध्ये सर्वांसाठी पाच उघडी पाने असतात. ती आधी तीन, मग एक, मग एक अशी पडतात आणि दर टप्प्याला पैसे लागतात. म्हणून येथे वाट पाहणारा खेळाडू जन्मास येतो. त्याच्याजवळ डाव नसतो, डावाची आशा असते.

उदाहरण घेऊ. मध्ये इस्पिक एक्का, बदाम राजा, बदाम सत्ती आणि किलवर दुर्री अशी चार पाने पडली आहेत. आमच्या हाती आणखी दोन एक्के, म्हणजे एकूण तीन. समोरच्याच्या हाती दोन बदाम. मधले दोन धरून चार. पाचवा बदाम आला की तो जिंकला, न आला तर आम्ही. ढिगात शंभर रुपये आहेत. आम्ही किती लावावे?

त्याने स्वतःची दोन आणि मधली चार पाने पाहिली, राहिली शेचाळीस. त्यांत बदाम नऊ, बाकीची सदतीस. आम्ही वीस लावले, तर वीस भरून तो एकशेवीस मिळविण्याची संधी घेतो. शेचाळीस वेळांपैकी नऊ वेळा एकशेवीस आले, सदतीस वेळा वीस गेले : १०८० जमा, ७४० खर्च. म्हणजे आमच्या भिडस्तपणामुळे तो नफ्यात! पन्नास लावले तर १३५० जमा, १८५० खर्च. दर वेळी त्याचे सरासरी सुमारे अकरा रुपये जातात. शंभर लावले तर सुमारे एक्केचाळीस. काटा बरोबर मध्यावर येतो तो बत्तीस रुपयांच्या आसपास, म्हणजे ढिगाच्या तिसऱ्या हिश्शापाशी. (आमचे एक्के धरले तर प्रत्यक्षात त्याची बाजू किंचित आणखी पडती, कारण बदाम एक्का किंवा बदाम दुर्री आली तर आमचाही डाव वर चढतो.)

आता माणूस पाहिला पाहिजे. सावध खेळाडू शंभर ऐकून पाने टाकील आणि आमच्या पदरात ढिगातले शंभरच पडतील. पण आशेवर खेळणारा किंमत विचारीतच नाही. चाळीस सांगा, शंभर सांगा, तो भरतोच. अशासमोर भक्कम डाव असता ''घाबरेल'' म्हणून थोडे लावणे ही घोडचूक. तो देईल तेवढी मोठी रक्कम सांगावी. त्याच कारणाने त्याच्यासमोर पोकळ डावावर मोठी रक्कम लावून दरडावण्यातही अर्थ नाही. तो उठतच नाही. ज्याला वाट पाहणे फुकट पडते तो सही करीत नाही, हे आम्ही वाटाघाटींच्या टेबलावर शिकलो होतो. पत्त्यांत ते नंतर ओळखले.

मात्र एक पथ्य आहे. पन्नास लावून आम्ही त्याला तोट्यात घातले आणि शेवटी बदाम पडल्यावर हट्टाने आणखी दीडशे भरले, तर त्याचे नऊ प्रसंग प्रत्येकी तीनशेचे होतात : २७०० जमा, १८५० खर्च. सगळे उलटले. बदाम पडल्यावर आम्ही साधारण छपन्न रुपयांहून अधिक देता कामा नये. भक्कम डावाचे मालक बुडतात ते बहुधा येथे.

वाट पाहणाऱ्याचीही एक ठरलेली चूक असते. तीन पाने पडल्यावर, दोन यायची असता, त्याची संधी शंभरात पस्तीस असते. तो पस्तीस लक्षात ठेवतो, पण त्या पस्तिसासाठी किंमत दोनदा मोजावी लागते हे विसरतो.

हे गणित परके नाही. वनपर्वात ऋतुपर्ण राजा बेहड्याच्या झाडाची पाने आणि फळे उभ्या उभ्या सांगतो आणि ती विद्या घेऊन नल हरलेले राज्य द्यूतात परत मिळवितो. युरोपात पास्कल आणि फर्मा यांनी १६५४ साली अर्धवट राहिलेल्या डावाच्या वाटणीवर पत्रे लिहिली, त्यातून संभवाचे शास्त्र वाढले. कायद्याचे मात्र अजून एकमत नाही. आपला १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा निव्वळ कौशल्याच्या खेळाला सूट देतो. पोकरला गुजरात उच्च न्यायालयाने २०१७ साली नशिबाचा खेळ म्हटले, इतरत्र निराळी मते पडली. पणजीला मांडवीतल्या कॅसिनोंवर तो परवान्याने चालतो. मोबाइलवरच्या पैशांच्या खेळांवर मात्र संसदेने २०२५ साली बंदीचा कायदा केला. आमच्या मते नशीब पानात असते, किंमत माणसाच्या हातात.

पुढे हा हिशेब आम्ही त्या सोबत्याला कागदावर मांडून दाखविला. तो बराच वेळ पाहत राहिला. मग म्हणाला, ''दादा, हे नऊ पानांचं झालं. मधलं एकच पान हवं असतं, सहा-सात-नऊ-दहा हातात नि अठ्ठी यायची, तेव्हा?'' अठ्ठ्या चार. चार आणि बेचाळीस. शंभराच्या ढिगावर साडेदहा रुपये. त्याने कागदाच्या कोपऱ्यात आकडा लिहून घेतला आणि म्हणाला, ''मी त्याला पन्नास भरत होतो.''