ई-मेलला कामाला लावा

सोलापूरच्या भवानी पेठेतला धंदा व्हॉट्सॲपवर चालतो. टॉवेलचा फोटो, सुताचा भाव, ट्रान्सपोर्टची पावती, सगळं तिथंच. ई-मेल उघडला जातो तो ओटीपीपुरता. पण परगावचा मोठा खरेदीदार परचेस ऑर्डर मेलवर पाठवतो, बँकेचं स्टेटमेंट मेलवर येतं आणि जीएसटीची नोटीस निघाल्याची सूचनाही. सोलापुरी चादरीला भौगोलिक निर्देशांक आहे, टॉवेल परदेशी जातो. असा माल विणणाऱ्याची मेलपेटी अडगळीत पडलेली असावी, हे मला पटत नाही.

पहिला प्रश्न साधा आहे: नोंदणीत दिलेला ई-मेल पत्ता तुमचाच आहे ना? छोट्या कारखान्यांच्या कागदांवर पुष्कळदा करसल्लागाराचा किंवा नेट कॅफेवाल्याचा पत्ता असतो. माणूस बदलला की ओटीपी परक्याच्या हातात. जीएसटी पोर्टलवर हा पत्ता बदलणं ‘नॉन-कोर’ दुरुस्तीत मोडतं. अधिकाऱ्याच्या मंजुरीची वाट पाहावी लागत नाही. हे काम सगळ्यांत आधी करा.

पत्ता आपला झाला, की पुढचा प्रश्न मेलच्या ढिगाचा. सबीर भाटिया आणि जॅक स्मिथ यांनी ४ जुलै १९९६ रोजी हॉटमेल सुरू केलं ते कुठल्याही संगणकावरून, साध्या ब्राउझरमध्ये आपली पत्रं उघडता यावीत म्हणून. १ एप्रिल २००४ ला जीमेल आलं तेव्हा हॉटमेल फुकटात २ एमबी जागा देत होतं. जीमेलने एकदम १ जीबी दिली. लोकांनी मेल पुसणं सोडलं आणि तेव्हापासून जाहिरातींच्या ढिगात ऑर्डर हरवू लागली. त्यावर उपाय आहे फिल्टर.

जीमेलच्या शोधपट्टीच्या उजव्या टोकाला एक छोटी खूण असते. ती दाबली की फॉर्म उघडतो. ‘कोणाकडून’ या रकान्यात खरेदीदाराचा पत्ता घाला, ‘फिल्टर तयार करा’ म्हणा, ‘ऑर्डर’ असं लेबल द्या आणि ‘स्पॅममध्ये कधीही टाकू नका’ या चौकटीत खूण करा. बँकेचं दुसरं लेबल, जीएसटीचं तिसरं. लेबलांची नावं मराठीत चालतात. एका मेलला दोन लेबलंही लावता येतात. मात्र फिल्टर मोबाइलच्या ॲपमधून बनत नाही. त्यासाठी एकदा संगणकासमोर बसावंच लागतं. घरातल्या कॉलेजच्या पोराला शेजारी बसवा. याहू आणि आउटलुकमध्येही थोड्याफार फरकाने हीच सोय आहे.

टॉवेलचे माप, जीएसएम, दर आणि पॅकिंग विचारणारी चौकशी आली की दर वेळी तेच उत्तर टाइप करण्याची गरज नाही. सेटिंग्जच्या ‘प्रगत’ विभागात टेम्प्लेट सुरू करा, उत्तर एकदा नीट लिहून ठेवा. ‘अनडू सेंड’ची मुदत ५ सेकंदांवरून ३० वर न्या, चुकीच्या दराचं कोटेशन मागे घ्यायला तेवढा वेळ लागतोच. सहीमध्ये कारखान्याचं नाव, पत्ता आणि जीएसटी क्रमांक असू द्या.

दिवाणजीला पासवर्ड सांगण्याची आपल्याकडची सवय मला सगळ्यांत धोक्याची वाटते. जीमेलच्या ‘खाती’ विभागात दुसऱ्याला प्रवेश देण्याची सोय आहे. दिवाणजी स्वतःच्या खात्यातून तुमचे मेल वाचतो, उत्तर देतो, पण तुमचा पासवर्ड बदलू शकत नाही. तो काम सोडून गेला की प्रवेश काढून घ्यायचा. अर्थात सगळे मेल त्याला दिसणार, त्यामुळे माणूस विश्वासाचाच हवा.

जागेचंही पाहा. फुकटची १५ जीबी मेल, ड्राइव्ह आणि फोटो यांत मिळून वाटलेली आहे. डिझाइनच्या फोटोंनी ती भरली की येणारे मेल परत जाऊ लागतात. शोधाच्या त्याच फॉर्ममध्ये ‘आकार १० एमबीपेक्षा जास्त’ असं घातलं की जड मेल समोर येतात.

आता सेटिंग्जमधले ‘फॉरवर्डिंग’ आणि ‘फिल्टर’ हे भाग उघडा आणि ओळखीचा नसलेला पत्ता तिथं आहे का ते तपासा. पासवर्ड चोरणारे भामटे पुष्कळदा लगेच काही करत नाहीत. तुमचे मेल गुपचूप स्वतःकडे वळवतात, मोठ्या बिलाची वाट पाहतात आणि मग तुमच्या नावाने खरेदीदाराला कळवतात, ‘आमचं बँक खातं बदललं आहे.’ माल तुमचा जातो, पैसे त्यांच्या खात्यात. टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू असेल तर नुसत्या पासवर्डवर सहसा आत शिरता येत नाही. ते आजच चालू करा. आणि सुताच्या व्यापाऱ्याकडून किंवा कुणाकडूनही खातं बदलल्याचा मेल आला, तर आधीपासून माहीत असलेल्या नंबरवर फोन करून खात्री केल्याशिवाय एक रुपयाही पाठवू नका. पैसे गेलेच, तर वेळ न दवडता १९३० या सायबर हेल्पलाइनला कळवा.