धार गेली, हे यंत्राला कसं कळतं?

भोसरीच्या किंवा शिरोलीच्या एमआयडीसीतल्या एखाद्या मुरलेल्या टर्नरशी बोलत उभे राहा. लेथकडे त्याची पाठ असते, तरी बोलता बोलता तो थांबतो आणि म्हणतो, "टिप गेली." आवाज किंचित चढलेला असतो, एवढंच. आपल्याला तो फरक ऐकूही येत नाही.

सीएनसी यंत्राला असा कान नसतो. ड्रिल मोडलं तरी ते प्रोग्रॅमप्रमाणे पुढचं टूल उचलतं. मग टॅप अर्धवट पडलेल्या भोकात आटे पाडायला उतरतो आणि तोही मोडतो. अडकलेला टॅप काढायला अनेकदा ठिणग्यांनी धातू झिजवणाऱ्या यंत्राचा आधार घ्यावा लागतो. ते जमलं नाही तर त्या जॉबवर आधी झालेली सगळी मेहनत भंगारात जाते. ड्रिलची किंमत त्यापुढे किरकोळ.

मोडणं अवचित होतं. झिजण्याला मात्र नियम आहे. अमेरिकी अभियंता फ्रेडरिक टेलर यांनी २६ वर्षं प्रयोग करून, सुमारे ८ लाख पौंड लोखंड-पोलादाच्या चिप काढून, १९०६ मध्ये तो मांडला. कार्बाइडच्या टिपेला तो लावला तर कापण्याचा वेग २० टक्के वाढवताच तिचं आयुष्य साधारण निम्मं होतं. झीज एकसारखीही वाढत नाही. नवी धार आधी भरभर झिजते, मग बराच काळ संथपणे आणि शेवटी झपाट्याने. टर्निंगच्या चाचण्यांत धारेखालच्या बाजूचा झिजलेला पट्टा सरासरी ०.३ मिलिमीटर झाला, की टिप संपली असं धरतात.

पण कास्टिंगमध्ये एखादी कडक जागा लागली की हे गणित कोलमडतं. म्हणून कारखाने धास्तीने टिप लवकर बदलतात आणि चांगली धार वाया जाते. टिपेतल्या टंगस्टन आणि कोबाल्टसारख्या दुर्मीळ धातूंची ही नासाडी मला फार खटकते.

यंत्राला जाण देण्याचा सर्वांत सोपा मार्ग स्पिंडलच्या मोटरमधून जातो. बोथट धारेला जास्त जोर लागतो, तसा मोटरचा भार चढतो. टूल मोडलं की तो एकदम पडतो. मात्र मोठ्या स्पिंडलवर २ मिलिमीटरच्या ड्रिलचा भार इतका अल्प, की तो मोटरच्या स्वतःच्या चढउतारातच हरवतो. तिथे लेझर कामी येतो: काम संपल्यावर ड्रिलचं टोक किरणाच्या आड आलं नाही, तर यंत्र तिथेच थांबतं. पण तो मोडल्यानंतरचा पंचनामा. धार तडकतानाच ओळखायची तर ध्वनिसंवेदक हवा. धातू कापताना आणि धार तडकताना उठणाऱ्या लहरी १०० किलोहर्ट्झच्या पुढेही जातात. माणसाचा कान २० किलोहर्ट्झला थांबतो, आणि बेअरिंग-मोटरची घरघर बहुतांशी त्याहून खाली राहते. म्हणून गोंगाटातूनही ही कुजबुज वेगळी काढता येते.

संवेदक बाजारात मिळतो. अवघड असतं ते यंत्र कधी थांबवायचं याची मर्यादा ठरवणं. ती कडक ठेवली तर यंत्र विनाकारण थांबत राहतं, आणि वैतागलेला ऑपरेटर शेवटी यंत्रणाच बंद करून टाकतो. सैल ठेवली तर टूल मोडून जातं. ही मर्यादा त्या जॉबवर, त्या धातूवर बसवावी लागते. माझ्या मते ती ठरवताना जुन्या टर्नरला शेजारी उभं करायलाच हवं.

छोट्या वर्कशॉपवाल्यांनी लगेच खर्चात पडू नये. बहुतेक सीएनसीच्या पडद्यावर स्पिंडलचा भार टक्क्यांत दिसतोच. नवी टिप लावल्यावर तो किती होता आणि ती काढताना किती होता, हे एका बॅचपुरतं वहीत लिहून पाहा.