संशोधन विहिरीच्या काठापर्यंत यावे

मूत्रपिंड हे मोठे सोशिक इंद्रिय आहे. निम्म्याहून अधिक कार्यशक्ती नष्ट होईपर्यंत ते सहसा तक्रार करीत नाही. पायांवर सूज, मळमळ, थकवा ही लक्षणे दिसू लागतात तेव्हा अनेकदा फार उशीर झालेला असतो. मग आठवड्यातून दोन-तीनदा, प्रत्येक वेळी सुमारे चार तास, डायलिसिसच्या यंत्राला बांधून घेण्यावाचून गत्यंतर उरत नाही. हे दुःख काय असते, ते काणकोण तालुक्याला सांगावे लागत नाही. मधुमेह नाही, रक्तदाब नाही, तरीही कष्टकरी माणसाची मूत्रपिंडे निकामी व्हावीत, हे कोडे तेथे वर्षानुवर्षे आहे.

काही विकार जन्माबरोबरच येतात. मूत्रपिंडात द्रवाच्या गाठी वाढत जाणारा एक आनुवंशिक विकार आईवडिलांपैकी एकास असल्यास प्रत्येक अपत्याला तो होण्याची शक्यता निम्मी असते. त्याचे मूळ सोळाव्या गुणसूत्रावर असल्याचे १९८५ साली आढळले आणि १९९४ साली प्रमुख जनुकही हाती लागले. मुलग्यांच्या मूत्रमार्गात जन्मतः पडदा असल्यास त्याची चाहूल गर्भावस्थेतील सोनोग्राफीत लागू शकते. संशोधनाने येथे वेळीच सावध होण्याचा मार्ग दाखविला आहे.

काणकोणची व्यथा मात्र जन्मजात दोषाने उलगडत नाही. बिट्स पिलानीच्या गोवा संकुलातील अनसूया गांगुली व त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथील भूजल तपासले. त्यांचा निबंध २०१७ साली ‘केमोस्फिअर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. बाधित भागातील पाण्यात सिलिका आणि शिसे या घटकांकडे त्यांनी बोट दाखविले. हा अंतिम निर्णय नव्हे, कारण अशा आजाराची कारणे अनेक असू शकतात. श्रीलंकेचा उत्तर-मध्य प्रांत आणि आंध्रातील श्रीकाकुलमचा उद्दानम भाग याच कोड्याशी झुंजत आहेत. परंतु अंतिम उत्तर येईपर्यंत संशयित पाणी निमूटपणे पीत राहावे, असा सल्ला कोणताही सुज्ञ माणूस देणार नाही.

बाल्कन प्रदेशाचा इतिहास या संदर्भात बोलका आहे. डॅन्यूबच्या उपनद्यांकाठच्या खेड्यांतील अशाच एका मूत्रपिंडविकाराचे वर्णन १९५६ च्या सुमारास झाले. गव्हाच्या शेतात वाढणाऱ्या एका रानवनस्पतीचे बी पिठात मिसळते आणि तिच्यातील विषारी आम्ल मूत्रपिंडाचा घात करते, हा सबळ पुरावा २००७ साली पुढे आला. मध्यंतरी पन्नास वर्षे गेली. आपल्याकडील ईश्वरमूळ हे त्याच वनस्पतिकुळातील होय. मुळ्या उगाळून घेणाऱ्यांनी हे ध्यानी ठेवावे. अंगदुखीवर चिठ्ठीवाचून गोळी मागण्याची सवय तर उज्जैनच्या टावर चौकापासून काणकोणच्या चावडीपर्यंत सारखीच आहे. अशा वेदनाशामक गोळ्या दीर्घकाळ घेतल्यास मूत्रपिंडाला अपाय होऊ शकतो.

आमचे म्हणणे एवढेच की, निबंध छापून आला म्हणजे संशोधकाचे काम संपत असेल, समाजाचे व शासनाचे काम तेथूनच सुरू होते. परदेशी नियतकालिकातील इंग्रजी तक्ता ज्या विहिरीच्या पाण्यावरून तयार झाला, त्या विहिरीवर पाणी भरणाऱ्या गृहिणीला तो कळलाच पाहिजे. पाणी तपासणीचे निष्कर्ष पंचायतीच्या फलकावर मराठी-कोकणीत लागावेत. बाधित गावांत प्रौढांची लघवीतील प्रथिने, रक्तातील क्रिॲटिनिन आणि रक्तदाब यांची तपासणी दरवर्षी व्हावी. आनुवंशिक विकार असलेल्या घरातील भावंडांनाही तपासणीसाठी बोलवावे. हे उपाय साधे आहेत. डायलिसिसच्या खर्चापुढे तर नगण्यच.

१९५६ ते २००७ एवढी प्रतीक्षा करण्याइतका वेळ काणकोणच्या रुग्णांजवळ नाही. कारणाचा शोध चालूच राहावा. तथापि, जे आज ठाऊक आहे ते तरी आज घरोघर पोहोचावे.