आधाररेषा आणि दहावीचा वर्ग : शालेय गणिताची लेखमाला, लेखांक पाचवा

गेल्या लेखांकात १९३७ सालच्या वर्धा शिक्षण परिषदेतून पुढे आलेल्या समवाय-कल्पनेचा, म्हणजे हस्तव्यवसायातून विषय शिकविण्याच्या कल्पनेचा, विचार करताना, टकळीच्या सुताला गणित ओढूनताणून बांधले की ते सूतही बिघडते आणि गणितही, हे आपण पाहिले. आज त्याच प्रश्नाकडे दुसऱ्या बाजूने वळावयाचे आहे. ज्यात गणित बाहेरून आणून घालावे लागत नाही, भूमिती, बीजगणित, त्रिकोणमिती आणि मापन ही ज्याच्या उदरातच एकमेकांत गुंतलेली असतात, अशी एखादी समस्या हायस्कुलातील विद्यार्थ्यांपुढे आधी मांडली आणि पाठ्यपुस्तकातील प्रकरणांना तिच्या मागून, गरज पडेल तसतसे, येऊ दिले तर काय घडते, हा तो विचार होय. आणि त्यासाठी लागणारी समस्या बंगळूरच्या माळरानावर सव्वादोनशे वर्षांपूर्वीच मांडली गेली आहे.

१७९९ च्या मे महिन्यात श्रीरंगपट्टण पडले, टिपूचा मुलूख कंपनी सरकारच्या देखरेखीखाली आला, आणि त्या मोहिमेत लढलेल्या विल्यम लॅम्टन नावाच्या लष्करी अंमलदाराने सरकारकडे अर्ज केला, की मद्रास किनाऱ्यापासून मलबार किनाऱ्यापर्यंतच्या प्रदेशाची मोजणी अनुमानाने न करता त्रिकोणांच्या जाळ्याने करावी. मंजुरी मिळताच १८०० साली त्याने बंगळूरजवळ सुमारे साडेसात मैलांची एक सरळ आधाररेषा शंभर फुटी पोलादी साखळीने मोजली. पुढे १८०२ च्या एप्रिलात मद्रासच्या सेंट थॉमस टेकडीजवळ दुसरी आधाररेषा घेऊन मुख्य कामास आरंभ झाला, आणि तेथून त्रिकोणामागून त्रिकोण जोडीत मोजणी पश्चिमेकडे सरकत आली. १८०४ साली बंगळूरजवळ पडताळणीसाठी पुन्हा रेषा मोजण्यात आली, तेव्हा त्रिकोणांवरून गणिताने काढलेली तिची लांबी आणि जमिनीवर साखळीने मोजलेली लांबी यांत जो फरक निघाला तो चार इंचांच्याही आत होता. मद्रास तेथून सरळ रेषेत जवळजवळ तीनशे किलोमीटर दूर आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या चार इंचांचे महत्त्व कळते.

आता ही हकीकत इतिहासाच्या तासाला सांगून न सोडता दहावीच्या वर्गापुढे समस्या म्हणून ठेवावी. आधाररेषेची लांबी ठाऊक आहे, तिच्या दोन्ही टोकांवरून दूरच्या टेकडीकडे पाहताना होणारे कोन मोजता येतात. टेकडीपर्यंत पाऊल न टाकता तिचे अंतर काढावयाचे आहे. यासाठीचा ज्या-नियम (साइन-नियम) दहावीनंतर येतो हे खरे. परंतु टेकडीपासून आधाररेषेवर लंब टाकला की दोन काटकोन त्रिकोण मिळतात, लंबाला अज्ञात राशी मानले की समीकरण उभे राहते, आणि ‘उंची व अंतर’ या प्रकरणातले ज्ञान पुरेसे होते. काढलेली बाजू पुढच्या त्रिकोणाची आधाररेषा होते. आणि मग कोणी तरी चाणाक्ष विद्यार्थी विचारतोच, की पहिल्या मोजणीत चूक असेल तर ती पुढच्या प्रत्येक त्रिकोणात वाढत जाईल की नाही?

हा प्रश्न वर्गात उमटला की अध्यापकाने घाई करू नये, कारण सर्वांत मौलिक भाग येथूनच सुरू होतो. पोलाद उष्णतेने प्रसरण पावते. एका अंश सेल्सियसला त्याची लांबी दर लाखामागे सुमारे १.१५ ने वाढते. शंभर फुटांच्या साखळीला ही वाढ क्षुल्लक वाटेल, पण साडेसात मैलांवर गुणून पाहिले तर एका अंशाच्या दुर्लक्षाने सुमारे साडेपाच इंचांची चूक होते, म्हणजे पडताळणीत आढळलेल्या फरकाहूनही अधिक. साखळी लाकडी पेट्यांत ठेवून तिच्याजवळ उष्णतामापके का ठेवावी लागली, हे मग निराळे सांगावे लागत नाही. पुढे आणखी एक गोष्ट. बंगळूर समुद्रसपाटीपासून सुमारे नऊशे मीटर उंच आहे. पृथ्वीच्या केंद्रापासून रेषेच्या दोन टोकांकडे जाणाऱ्या त्रिज्या खाली एकमेकींजवळ येत जातात, म्हणून तीच आधाररेषा समुद्रसपाटीवर उतरवून पाहिली तर सुमारे साडेपाच फुटांनी आखूड भरते. हे समरूप त्रिकोणांचे उदाहरण आहे, आणि त्यातील एक बाजू पृथ्वीची त्रिज्या आहे! ज्या विद्यार्थ्याने समरूपतेची प्रमेये तोवर गुणांपुरती घोकली, त्याला ती येथे प्रथमच लागतात. आणि धीर असेल तर अध्यापकाने हेही सांगून टाकावे, की गोलपृष्ठावरील त्रिकोणाच्या कोनांची बेरीज १८० अंशांहून अधिक भरते, आणि हे आधिक्य दर सुमारे दोनशे चौरस किलोमीटरांमागे एक विकला इतके असते.

एका समस्येने केवढा पल्ला गाठला! त्रिकोणमिती, रेषीय समीकरण, प्रमाण, समरूपता, दोषांचे अनुमान आणि भौतिकशास्त्रातील प्रसरण ही येथे परस्परांना बोलावून आणतात. हा विचार नवा नव्हे. १९०१ साली जॉन पेरी यांनी ग्लासगो येथे आणि पुढच्याच वर्षी अमेरिकेत ई. एच. मूर यांनी शालेय गणिताच्या शाखांमधील भिंती पाडण्याचा आग्रह धरला होता. आपल्याकडे २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यासाठी प्रा. रामानुजम यांच्या अध्यक्षतेखालील गटाने विद्यार्थ्याच्या विचारपद्धतीचे गणितीकरण हेच मुख्य ध्येय मानले. आणि खुद्द बंगळुरात अझीम प्रेमजी विद्यापीठाकडून २०१२ पासून ‘ॲट राइट अँगल्स’ हे शालेय गणिताला वाहिलेले नियतकालिक निघते. महाराष्ट्रात मात्र दहावीला बीजगणित आणि भूमिती यांच्या चाळीस-चाळीस गुणांच्या दोन स्वतंत्र प्रश्नपत्रिका आहेत. कर्नाटकात पत्रिका एकच, पण तेवढ्याने विषय एकजीव होतो असे मानण्याचे कारण नाही; प्रकरणांच्या क्रमाने शिकवून प्रकरणांच्या क्रमानेच विचारले, तर दोन पत्रिका काय आणि एक काय, विद्यार्थ्याच्या मनात भिंती उभ्याच राहतात.

या पद्धतीवर घेतला जाणारा गंभीर आक्षेप सरावाचा आहे, आणि तो मला मान्य आहे. अपूर्णांकांत व चिन्हांत चाचपडणारा विद्यार्थी समस्येच्या पहिल्याच वळणावर अडखळतो आणि हुशार सहाध्यायाच्या वहीकडे पाहू लागतो. म्हणून समस्या हे सरावाचे स्थान घेऊ शकत नाही. सराव कशासाठी करावयाचा हे ती दाखवते, आणि तो सराव आठवड्यातील निराळ्या तासिकांना, निगुतीने, करून घ्यावाच लागतो. वर्गातील सर्वांत मागे पडलेल्या मुलाला कोन मोजण्याचे आणि नोंदी ठेवण्याचे खरे काम मिळाले पाहिजे. तसे होत नसेल तर हा सगळा खटाटोप चार निवडक मुलांची करमणूक ठरेल.

गणित शिकविणाऱ्या बंधुभगिनींना माझी विनंती एवढीच आहे, की या सत्रात एक पंधरवडा राखून ठेवा. शाळेच्या मैदानावर फितीने पन्नास मीटरांची आधाररेषा आखा, पुठ्ठ्याचा कोनमापक आणि ओळंबा घेऊन रस्त्यापलीकडच्या पाण्याच्या टाकीचे अंतर मुलांकडून काढून घ्या, तीन गटांची तीन उत्तरे फळ्यावर शेजारी शेजारी लिहा, आणि ती वेगळी का आली याचा शोध मुलांनाच घेऊ द्या. त्या उत्तरांतील तफावतीचे काय करावयाचे, याचा विचार पुढील लेखांकात करू.